खाडी ते खाडी: दसरा ते दिवाळीच्या मधल्या दिवसांत कोकण किनाऱ्याने गाडी नेताना

दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे धोपाव्याची घरं दिसतात. फेरीबोटीने जेमतेम पंधरा मिनिटं. पण बोट बंद असली तर दाभोळहून दापोली, खेड, चिपळूण करत गुहागरकडे यायला शंभरच्या वर किलोमीटर पडतात आणि उरलेला दिवस त्यातच जातो. कोकणात किनाऱ्याने फिरायचं तर अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही, ते खाड्यांमध्ये मोजावं लागतं. आज किती खाड्या ओलांडायच्या, त्या वेळी पाणी भरतीचं की ओहोटीचं आणि शेवटच्या खाडीनंतर उजेड किती उरतो, या तीन प्रश्नांची उत्तरं जुळली की बाकीचं नियोजन सोपं आहे. ती जुळली नाहीत तर चांगल्यातली चांगली गाडीही कामाला येत नाही.

कधी निघायचं

नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोकणातून माघारी फिरतो. दसऱ्याच्या आसपास अजून परतीच्या सरी असतात. सकाळ लख्ख, दुपारी तीन-चारला सह्याद्रीकडून काळे ढग, गडगडाट, तासभर झोडपणारा पाऊस आणि पुन्हा स्वच्छ. हा पाऊस दिवस वाया घालवत नाही, पण तो नेमका आपण घाटात असताना गाठतो. म्हणून घाट दुपारी दोनच्या आत संपवायचा.

सगळ्यात चांगले दिवस म्हणजे कोजागिरीनंतरचे ते धनत्रयोदशीच्या आधीचे. हळवं भात कापायला आलेलं असतं, गरव्याच्या लोंब्या पिवळ्या पडत असतात, कातळसड्यांवरचं गवत हिरव्याचं सोनेरी होत असतं, ओहळांना पाणी असतं आणि खोल्या रिकाम्या असतात. पाडव्यापासून पुढच्या रविवारपर्यंत किनारा माणसांनी भरून जातो. त्या दिवसांत जायचंच असेल तर खोली महिनाभर आधी धरा आणि फेरीबोटीच्या रांगेसाठी प्रत्येक खाडीला दोन तास जास्तीचे ठेवा.

दोन गोष्टी विसरू नका. एक, ऑक्टोबरची उष्णता. पारा चौतीस-पस्तीसला असतो, पण दमट हवेमुळे दुपारी बारा ते साडेतीन बाहेर फिरणं नकोसं होतं. सकाळी साडेसहाला निघा, दुपारी जेवून पडा, चारला पुन्हा निघा. दोन, अरबी समुद्रातली वादळं. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा त्यांचा हंगाम असतो. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आलं होतं. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार किनाऱ्यापासून दूर समुद्रात होतं, तरी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर पाणी आत शिरलं होतं. निघण्याआधी चार दिवस हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा रोज बघा. होड्या बंदरात परतायला सांगितलं असेल तर फेरीबोटीही बंद राहतील, हे गृहीत धरा आणि सहल पुढे ढकला.

वरून खाली नाही, खालून वर

बहुतेक जण मुंबईहून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन करत दक्षिणेकडे उतरतात. उलटं करा. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहतुकीच्या पलीकडे राहतो. थांबायचं तर रस्ता ओलांडून वळणावर गाडी लावावी लागते आणि संध्याकाळचं ऊन थेट चालवणाऱ्याच्या तोंडावर येतं. उत्तरेकडे जाताना समुद्र आपल्याच हाताला असतो, जागा मिळेल तिथे डावीकडे दबून थांबता येतं आणि ऊन शेजारी बसलेल्याच्या वाट्याला जातं. त्याने टोपी घालावी.

यात एक खोट आहे. उत्तरेकडे जाताना दरीची कडही आपल्याच बाजूला येते. पावसानंतर साइडपट्टी खचलेली असते आणि वर वाढलेल्या गवतामुळे डांबर कुठे संपलं ते कळत नाही. समोरून एसटी आली म्हणून डावी चाकं गवतात घालायची सवय इथे सोडून द्या. आधी थांबा, शेजारच्याला उतरवून कड बघायला सांगा, मग दाबा.

म्हणून बेत असा: पहिल्या दिवशी महामार्गाने थेट रत्नागिरी. पुणे-साताऱ्याकडून येणाऱ्यांनी कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे यावं, किंवा कोल्हापूरहून आंबा घाटाने. मग चार दिवस किनाऱ्याने वर. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग कागदावर पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. तो एका दमात करायच्या फंदात पडू नका. किनाऱ्याच्या रस्त्यावर तासाला पंचवीस-तीस किलोमीटरच होतात आणि दिवसाला सव्वाशेच्या वर गेलं की आपण कोकण बघत नाही, फक्त वळणं मोजतो.

तिथीवरून भरती काढायची रीत

हे एक गणित शिकून घ्या, बाकी सगळा बेत त्यावर बसतो. भरतीचे तक्ते छापील मिळतात, फोनवरही मिळतात. पण रेंज नसलेल्या गावात भिंतीवरच्या कॅलेंडरवरून वेळ काढता आली पाहिजे.

किनाऱ्यावरची जुनी रीत अशी: त्या दिवशीच्या तिथीला पाऊणने गुणायचं. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हेच लागू, पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना पंधरा धरायचं. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी, म्हणजे दुपारी सव्वाबारा. कार्तिकी एकादशीला अकरा पाऊणे सव्वाआठ, भरती सव्वाआठला, ओहोटी अडीचला. भाऊबीज म्हणजे द्वितीया, भरती दुपारी दीडला, तर सकाळची ओहोटी सव्वासातला. कोजागिरीला आणि लक्ष्मीपूजनाला भरती सव्वाअकराला, ओहोटी सकाळ-संध्याकाळ साडेपाचला.

ही रीत ढोबळ आहे. तासाभराचा फरक पडतो, आणि उत्तर कोकणात तीच भरती दक्षिणेपेक्षा थोडी उशिरा येते. जिथे जीवाचा प्रश्न आहे तिथे तक्ता बघा किंवा धक्क्यावरच्या माणसाला विचारा.

वेळेइतकंच महत्त्व पाण्याच्या चढ-उताराला आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या दोन-तीन दिवसांत उधाण असतं, म्हणजे पाणी खूप वर येतं आणि खूप मागेही जातं. सप्तमी-अष्टमी-नवमीला भांग, तेव्हा फरक थोडा. उधाणाच्या ओहोटीला जेटीचा उतार पार खालपर्यंत उघडा पडतो आणि गाडी चढवायला तीच सर्वात वाईट वेळ. उधाणाच्या भरतीला पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, चालायला जागाच राहत नाही. फिरायला ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी भांगाचे दिवस धरावेत, सगळंच सौम्य असतं.

आता ठिकाणं. हरिहरेश्वराची समुद्राकडची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची. खडकांच्या कडेने जाणारी ती वाट भरतीत पाण्याखाली जाते आणि तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी उतरायचं आणि पाणी फिरलं की परत. याच्या अगदी उलट हेदवीची बामणघळ. खडकातल्या चिरेत लाट घुसून वर फवारा उडतो तो फक्त भरतीला. ओहोटीला गेलात तर एक ओली भेग बघून परत याल. त्या कडेलाही शेवाळ असतं, ओल्या काळ्या खडकावर पाय ठेवायचा नाही, कोरड्या तांबूस खडकावर उभं राहायचं.

जंगलजेटीवर गाडी चढवताना

गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीला इथले लोक बऱ्याच ठिकाणी जंगलजेटी म्हणतात. रत्नागिरीहून वर येताना चार लागतात: जयगड ते तवसाळ, धोपावे ते दाभोळ, वेसवी ते बागमांडला आणि दिघी ते आगरदांडा. मांडव्याहून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापर्यंतची मोठी रो-रो, जी २०२० मध्ये सुरू झाली, ती पाचवी. तिचं तिकीट आधी काढून ठेवावं लागतं. बाकी चारही ठिकाणी धक्क्यावरच तिकीट मिळतं. यातल्या बऱ्याच खाड्यांवर पूल आखलेले आहेत, तेव्हा जाताना कोणता पूल खुला झाला आहे का ते विचारून घ्या.

फेऱ्यांच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून शेवटची बोट किती वाजता हे आदल्या रात्री मुक्कामाच्या घरमालकाकडून विचारून घ्या. पण बेत आखताना शेवटची बोट धरूच नका. सूर्यास्ताच्या दीड तास आधीची धरा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वासहाच्या आत सूर्य बुडतो, म्हणजे साडेचारनंतर कुठल्याही धक्क्यावर ताटकळत बसायची वेळ येऊ नये.

चढवण्याची पद्धत:

धक्क्यावर पोचल्यावर आधी गाडी रांगेत लावा, मग तिकीट. एकट्याने गेलात आणि तिकीट काढायला उतरलात तर मागचे पुढे जातात, त्यावर भांडण करण्यात अर्थ नाही. तिकीट गाडीच्या प्रकाराप्रमाणे आणि माणसांचं वेगळं, सुटे पैसे हातात ठेवा.

बोट लागली की चालवणारा सोडून सगळ्यांना उतरवा आणि पायी चढवा. यात दोन फायदे. गाडीचं वजन कमी होऊन मागचा भाग थोडा उचलला जातो, आणि उतारावर काही झालंच तर आत एकच माणूस असतो.

जेटीचा उतार आणि बोटीची लोखंडी फळी जिथे मिळतात तिथे कोन पडतो. ओहोटीला तो कोन मोठा. लांब नाकाच्या सेडानचा पुढचा बंपर किंवा मागचा खालचा भाग तिथे घासतो. उपाय म्हणजे सरळ न जाता जरा तिरकं जाणं, म्हणजे एका वेळी एकच चाक कोनावरून जातं. जागा नसेल तर पाणी चढेपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबा. बोट परत येतेच.

पहिल्या गिअरमध्ये, एका संथ गतीने. मध्ये थांबायचं नाही. उताराच्या खालच्या भागावर शेवाळ आणि चिखलाचा थर असतो, तिथे क्लच दाबून पुन्हा सोडला की चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी मागे सरकते. पुढची गाडी पूर्ण चढून थांबेपर्यंत आपण कोरड्या भागातच उभं राहायचं. मागचा कितीही हॉर्न वाजवो.

कधी कधी खलाशी गाडी उलटी चढवायला सांगतो, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येतं. त्याच्याकडेच बघा, आरशात आणि त्याच्या हाताकडे. घरातले लोक बाजूने ओरडून सूचना देत असतील तर त्यांना गप्प बसवा. दोन माणसांच्या खुणा एकदम बघितल्या की गाडी कठड्याला लागते.

बोटीवर हँडब्रेक, गाडी पहिल्या गिअरमध्ये, इंजिन बंद, चाकं सरळ. काचा उघड्या ठेवा. आरसे मिटा, कारण दोन गाड्यांमध्ये वीतभर जागा असते. दारं उघडताना शेजारच्या गाडीला लागतात, भांडणं बहुतेक त्यावरूनच होतात.

रविवारी दुपारनंतर मुंबईकडे परतणाऱ्यांची दिघीला आणि मांडव्याला मोठी रांग लागते. खालून वर जाण्याची ही दुसरी खोट. सहल मंगळवारी-बुधवारी संपेल अशी सुरू करा, प्रश्न मिटतो.

रस्ता काय करतो

चिऱ्याच्या ट्रकांपासून जपा. जांभ्याच्या खाणी पावसाळ्यात बंद असतात आणि दसऱ्यानंतर कामं सुरू होतात, त्यामुळे नेमक्या याच दिवसांत ट्रक वाढतात. वळणावर बारीक तांबडी खडी सांडलेली असते. ती कोरडी असली तरी चाकाखाली गोट्यांसारखी फिरते, दुचाकीवाल्यांना तर फारच घातक. तांबडा पट्टा दिसला की वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात ब्रेक लावायचा नाही.

एसटी हा इथला राजा. अरुंद रस्त्यावर समोरून लाल गाडी आली की चालक आपल्याला कुठे दबायचं ते हाताने सांगतो आणि तो चुकत नाही, कारण तो रोज त्याच वळणावर पन्नास गाड्या काढतो. चढावर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा, वाजवला म्हणून इथे कोणी रागावत नाही.

भातकापणीच्या दिवसांत वाडीजवळच्या रस्त्यावर भात किंवा पेंढा वाळत घातलेला असतो. त्यावरून गाडी घालू नका. पेंढा गाडीखाली गुंडाळला जाऊन तापलेल्या सायलेन्सरला चिकटला तर आग लागू शकते. आणि भात तर कोणाच्या वर्षाच्या पोटाचं असतं.

संध्याकाळी सहानंतर गुरं गरम डांबरावर बसतात. काळी म्हैस काळ्या रस्त्यावर दिव्यात सुद्धा वीस मीटरवर आल्याशिवाय दिसत नाही. अंधारात किनाऱ्याचे रस्ते न चालवण्याचं हे एकच कारण पुरे.

घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्यातच उतरायचं, बहुतेक ठिकाणी दुसरा. गाडी भरलेली असताना सलग ब्रेक दाबले की लायनिंग तापतं, करपल्यासारखा वास येतो आणि पुढच्या दाबाला पेडल खोल जातं. वास आला तर रुंद जागी थांबा, वीस मिनिटं नुसती उभी ठेवा. चाकांवर पाणी ओतायचं नाही, तापलेली डिस्क वाकडी होते.

फोनच्या नकाशावर आंधळा विश्वास नको. तो जवळचा रस्ता दाखवतो, आणि कोकणात जवळचा रस्ता म्हणजे दोन गडग्यांमधली पाखाडी असू शकते, जिला शेवटी पायऱ्या असतात. रस्ता एका गाडीएवढा झाला आणि डांबर संपलं की आधी पुढे चालत जाऊन बघा. नकाशा आदल्या रात्री उतरवून ठेवा, कारण खाड्यांच्या खोबणीत रेंज जाते. विचारायचंच असेल तर "पुढे गाडी जाते का?" असं विचारू नका, उत्तर "जाते की" असंच येतं. "आज एसटी गेली का इथून?" असं विचारा.

निघण्याआधी गाडी

स्टेपनीची हवा बघा, बहुतेकांची बसलेली असते. टायरची नक्षी तीन मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर बदलून निघा. कायद्याची हद्द एक पूर्णांक सहा मिलिमीटरची आहे, पण ओल्या घाटात ती पुरत नाही. हवा सकाळी टायर थंड असताना भरायची. वायपरचं रबर उन्हाने कडक झालेलं असतं, परतीच्या पहिल्या सरीत ते काचेवर फराटे ओढतं. दोनशे-तीनशे रुपयांची वस्तू आहे, नवी घाला.

डिकीत असाव्या अशा वस्तू: टो करायची दोरी, टॉर्च, पंक्चरचं सामान आणि बारा व्होल्टचा पंप, पाच लिटर पाणी, आणि फूटभर लांब-रुंद जाड फळी. ही फळी लोक हसण्यावारी नेतात. पण पावसानंतरच्या मऊ साइडपट्टीवर जॅक लावला की गाडी उचलण्याऐवजी जॅकच जमिनीत जातो. फळी खाली ठेवली की काम होतं.

पेट्रोलचा नियम: टाकी निम्मी झाली की भरायची. पंप मोठ्या आणि तालुक्याच्या गावांना आहेत, मधल्या किनाऱ्यावर शोधत बसावं लागतं. सीएनजीवाल्यांनी किनाऱ्याचे चारही दिवस पेट्रोलवर चालतील असं धरून निघावं. आणि दोन-तीन हजार रुपये पन्नास-शंभरच्या नोटांत ठेवा. क्यूआर कोड सगळीकडे लटकलेला असतो, पण रेंज नसेल तर त्याचा उपयोग भिंतीच्या शोभेपुरता.

चार दिवस

किनाऱ्याचा पहिला दिवस रत्नागिरी ते हेदवी किंवा वेळणेश्वर, सत्तर-ऐंशी किलोमीटर. रत्नागिरीतून आरे-वारेचा रस्ता धरा, निवळी फाट्याचा नाही. टेकडीच्या कडेने जाताना खाली आरे आणि वारे या दोन पुळणी दिसतात आणि मधला रस्ता अगदी समुद्राला लागून जातो. सकाळी सात ते नऊ ही इथली वेळ. ऊन पाठीमागच्या डोंगरावरून येतं, समोरचं पाणी निळं दिसतं. संध्याकाळी इथे सूर्यास्तासाठी इतक्या गाड्या उभ्या राहतात की रस्ता अडतो. गणपतीपुळ्याला दर्शन, समुद्रात पोहणं नाही. तिथली पुळण उतरती आहे, लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढते. मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आहे, ते अर्ध्या तासात बघून होतं. मग जयगडचा किल्ला, आणि खालून तवसाळची बोट. बोट बंद असली तर जाकादेवीवरून भातगावच्या पुलाने शास्त्री नदी ओलांडून गुहागर तालुक्यात जाता येतं. लांब पडतं, पण दिवस बुडत नाही.

दुसऱ्या दिवशी भरती असेल त्या वेळी बामणघळ, मग पालशेत, गुहागर. अंजनवेलच्या दीपगृहाजवळून खाडीचं मुख नीट दिसतं. गोपाळगड तिथेच. धोपाव्याला उतरून दाभोळ, आणि तिथून कोळथरे, बुरोंडी, लाडघर, कर्दे. हा दाभोळ ते कर्दे टप्पा या सहलीतला सगळ्यात शांत भाग आहे. आम्हाला विचाराल तर एखादा मुक्काम वाढवायचा तो इथेच वाढवावा, गणपतीपुळ्याला नाही.

तिसरा दिवस कर्द्याहून हरिहरेश्वरपर्यंत. हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव संध्याकाळी असतो, म्हणून तो आदल्या संध्याकाळीच बघून घ्यावा. कर्द्याहून हर्णै जवळ आहे. लिलावात उभं राहताना टोपल्यांच्या वाटेत येऊ नका, आणि किरकोळ घ्यायचं असेल तर लिलाव आटोपल्यावर बाजूला बसलेल्या बायकांकडून घ्या. सकाळी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, तिथून समोर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. पुढे आडे, पाडले, उटंबर, केळशी. केळशीनंतर किनारा सोडून मंडणगड तालुक्यातून वेसवीला उतरायचं असतं. तिथे फोनचा नकाशा सगळ्यात जास्त फसवतो, म्हणून रस्ता केळशीतच विचारून निघा आणि दुपारी दोनपर्यंत वेसवी गाठा. बागमांडल्याला उतरलं की हरिहरेश्वर पाच-सात किलोमीटरवर. ओहोटी संध्याकाळची असेल तर प्रदक्षिणा लगेच, नाहीतर मुक्काम तिथेच करून सकाळी.

चौथ्या दिवशी श्रीवर्धन ते दिवेआगर जाताना शेखाडीचा किनाऱ्यालगतचा रस्ता. वीस-पंचवीस किलोमीटर आहेत, दोन तास ठेवा. इथे डाव्या हाताला समुद्र असण्याचा खरा फायदा कळतो. दिवेआगरच्या आणि श्रीवर्धनच्या वाड्यांत अजूनही माडांच्या मधे मोकळ्या जागा दिसतात, त्या जून २०२० मधल्या निसर्ग वादळाच्या. सुपारी पुन्हा लावून धरायला वर्षं जातात. मग दिघी, आगरदांडा, मुरूड. जंजिऱ्याला जायचं तर राजपुरीहून होडी, त्याला निदान तीन तास काढून ठेवा, नाहीतर वाटेवरूनच बघा. काशीद, कोर्लई, साळावचा पूल, रेवदंडा, अलिबाग आणि मांडवा. पुणेकरांनी दिवेआगरहून म्हसळा, माणगाव करत ताम्हिणीने वर जावं.

जेवण आणि मुक्काम

लहान गावांतल्या खाणावळी माणसं मोजून शिजवतात. दुपारच्या जेवणाचा निरोप सकाळी नऊ-दहापर्यंत फोनने पोचला पाहिजे, दोन वाजता अचानक पाच जण गेले तर अंडाकरी मिळेल. उकडीचे मोदक हवे तर आदल्या दिवशी सांगा. मासे मागताना नाव घेऊन मागू नका, "आज काय आलंय?" असं विचारा. जे आलंय ते ताजं असतं आणि जे तुम्ही मागाल ते बर्फातलं. या दिवसांत बांगडा भरपूर आणि स्वस्त, पापलेटच्या मागे लागण्यात हशील नाही. नवरात्रात पुष्कळ घरांत मांसाहार होत नाही, तेव्हा नऊ दिवसांत मासे खायचा बेत असेल तर आधीच विचारून घ्या. माशाच्या ताटाचा दर जेवणाआधी विचारायला लाजू नका, सुरमईचा तुकडा रोजच्या भावाने लावतात.

नरकचतुर्दशीला दक्षिण कोकणात असाल तर घरमालकाच्या अंगणात तुळशीपाशी कारीट, म्हणजे एक छोटं कडू फळ, फोडतात आणि नव्या भाताचे पाच-सहा तऱ्हांचे पोहे होतात. बोलावलं तर जा, आणि त्या सकाळी निघायची घाई ठेवू नका.

वाळूत गाडी घालू नका, आणि घातलीच तर

ओहोटीची ओली पुळण सिमेंटसारखी कडक दिसते. वरचा थर कडक असतोही. पण गाडी थांबली की चाकाखालचं पाणी बाजूला होतं आणि चाक खचतं. पाणी वर यायला लागलेलं असेल तर तासाभरात इंजिनपर्यंत पोचतं. पुळणीवर गाड्या न्यायला अनेक ठिकाणी बंदी आहे, आणि तशा गाडीच्या विम्यावरून नंतर वाद होतो तो वेगळाच.

रुतलीच तर अॅक्सिलरेटर दाबायचा नाही. प्रत्येक फिरण्याबरोबर चाक खाली जातं. सगळे उतरा, सामान काढा. टायरची हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत सोडा, म्हणजे टायर पसरतं. चाकांच्या समोरची वाळू हाताने उकरून उतार करा, त्यात पायपुसणी किंवा माडाच्या झावळ्या घाला. ज्या दिशेने आत आलो त्याच दिशेने, म्हणजे बहुधा मागे, आपल्याच चाकांच्या खुणांवरून बाहेर या. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर तिसरा करत बसू नका, गावात जाऊन ट्रॅक्टर बोलवा. बाहेर आल्यावर हवा भरेपर्यंत वेग तीसच्या वर न्यायचा नाही.

वाळूत गेली नसली तरी चार दिवसांत गाडीच्या पोटाला खारं पाणी लागलेलं असतं. जेटीच्या उतारावर, खाडीच्या वाऱ्याने, रस्त्यावर आलेल्या लाटांच्या शिंतोड्यांनी. घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सर्व्हिसिंगच्या ठिकाणी नेऊन खालून गोड्या पाण्याने दाबाने धुवून घ्या. चाकांच्या कमानी, सायलेन्सरचे नट आणि मागच्या ब्रेकची केबल नीट धुतली गेली का ते स्वतः वाकून बघा. नुसतं "वॉशिंग" सांगितलं की वरून चकचकीत करून देतात. धुतल्यावर लगेच गाडी घरी आणून उभी करू नका. पाच-सात किलोमीटर चालवा, दोन-चारदा ब्रेक मारा, म्हणजे डिस्कवरचं पाणी उडतं आणि सकाळी हँडब्रेक चिकटत नाही.